दिल्लीचा कागद अंजनगाव सुर्जीत



दिवाळी झाली, कापसाची वेचणी सुरू झाली, आणि तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षीचा प्रश्न आलाच असेल : यंदा थंडीत कुठं जायचं? त्यात कुणीतरी दिल्ली म्हणतोच. लाल किल्ला, कुतुबमिनार, चांदणी चौकातले पराठे, जमलं तर एका दिवसात आग्रा. बेत चांगलाच आहे. आज मीही तुम्हाला दिल्लीलाच नेणार आहे, आणि थंडीतच. फक्त आपण निघणार आहोत अंजनगाव सुर्जीहून.

आता म्हणाल, काहून बाप्पा? गाडी तर नागपूरहून नाहीतर भुसावळहून पकडायची असते!

तर ऐका. ३० डिसेंबर १८०३. शहानूर नदीच्या काठचं आपलं अंजनगाव सुर्जी. तिथं इंग्रजांच्या सेनापतीची छावणी पडली होती. सेनापतीचं नाव आर्थर वेलस्ली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जग ज्याला ओळखतं, तोच हा. त्या छावणीत दौलतराव शिंद्यांच्या वकिलांनी एका तहावर सही केली. गंगा आणि यमुनेच्या मधला दुआब, त्याच्या वरचा मुलूख, म्हणजे दिल्ली-आग्र्यासकट सगळं, शिंद्यांनी सोडलं. शिवाय एका कलमात हेही कबूल केलं की बादशहा शाह आलमवर आमचा काही हक्क राहिला नाही, त्याच्या कारभारात आम्ही यापुढे पडणार नाही.

स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये याची एक ओळ असते. सुर्जी अंजनगावचा तह कोणामध्ये झाला? शिंदे आणि इंग्रज. एक मार्क. पुढचा प्रश्न. पण मला नेहमी वाटतं की या ओळीत जे 'दिल्ली' आहे ते कुणी नीट बघतच नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या, पानमळ्यांच्या एका गावात दिल्लीचा कागद झालाच कसा?

त्यासाठी आधी हिवाळ्याबद्दल बोलू या.

आपण दिल्लीला थंडीत जातो, कारण उन्हाळ्यात तिथं भाजून निघतं. मराठी फौजाही बहुतेक थंडीचाच हंगाम धरायच्या, पण त्यांचं कारण वेगळं होतं. दसऱ्याला आपण आपट्याचं सोनं वाटतो, सीमोल्लंघन म्हणतो. आज ती रीत आहे, तेव्हा ते वेळापत्रक होतं. पावसाळ्यात तापी, नर्मदा, चंबळ दुथडी भरलेल्या. पूल नाहीत. हजारो घोडे उतरवायचे तर नदीला उतार पाहिजे. घोडा खाणार काय? ज्वारी निघाली की दाणाही मिळतो आणि कडबाही. म्हणून दसरा झाला की निघायचं, आणि पुढच्या पावसाच्या आत परत यायचं किंवा तिकडंच छावणी करायची. याला अपवाद होते, पण साधारण रीत ही.

पहिली मोठी स्वारी बघा. १७१८ च्या अखेरीस पेशवा बाळाजी विश्वनाथ सय्यद हुसेन अलीबरोबर दक्षिणेतून निघाला. फेब्रुवारी १७१९ मध्ये दिल्लीत पोचला. सय्यद बंधूंनी बादशहा फर्रुखसियरला तख्तावरून ओढून काढलं, त्या दिवशी शहरात दंगल उसळली आणि मराठ्यांची हजाराच्या वर माणसं दिल्लीच्या गल्ल्यांत मारली गेली. हे फारसं कुणी सांगत नाही. भर शहरात, अनोळखी गल्लीबोळांत, घोड्यावरून लढायची सवय असलेली माणसं लोकांनी दगडाधोंड्यांनी मारली. पण मार्चमध्ये नव्या बादशहाकडून सनदा मिळाल्या. दक्षिणेच्या सहा सुभ्यांतून चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी म्हणजे वर आणखी दहावा हिस्सा वसूल करायचा हक्क. महाराणी येसूबाई १६८९ पासून मोगलांच्या कैदेत होत्या, त्याही या वेळी सुटल्या.

त्या सहा सुभ्यांतला एक सुभा होता वऱ्हाड.

म्हणजे १७१९ च्या थंडीअखेर दिल्लीत जो कागद झाला तो आपल्या वऱ्हाडाचा होता. आणि चौऱ्याऐंशी वर्षांनी वऱ्हाडात जो कागद झाला तो दिल्लीचा! मराठ्यांच्या दिल्लीची गोष्ट या दोन कागदांच्या मधे बसते. त्यातल्या काही जागा आजही जाऊन बघता येतात. चला तर.

लाल किल्ल्यापासून सुरुवात करा. सोमवारी बंद असतो, आणि २६ जानेवारीच्या आसपासही काही दिवस आत सोडत नाहीत, तेव्हा चौकशी करून जा. आत दीवान-ए-खास म्हणून संगमरवरी दालन आहे. सगळे खांबांचे फोटो काढतात. तुम्ही वर छताकडे बघा. इथं पूर्वी चांदीचं छत होतं. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला द्यायला पैसा नव्हता, म्हणून ती चांदी उतरवून तिचे रुपये पाडले. दिल्लीचा गाइड हे मराठ्यांची लूट म्हणून सांगतो, आपल्याकडचे लोक नाइलाज म्हणून सांगतात. मला दोन्ही खरं वाटतं. पैसा नव्हता हे खरं, आणि दुसऱ्याच्या घराचं छत उतरवलं हेही खरं.

याच दालनात अठ्ठावीस वर्षांनी, ऑगस्ट १७८८ मध्ये, गुलाम कादर रोहिल्याने शाह आलम बादशहाचे डोळे काढले. बादशहाला वाचवायला महादजी शिंद्यांची फौज वेळेवर पोचली नाही. ऑक्टोबरपर्यंत दिल्ली परत हातात आली, थंडीत गुलाम कादर पकडला गेला आणि पुढच्या वर्षी मारला गेला. आंधळा बादशहा पुन्हा तख्तावर बसला. तो बसला महादजींच्या जिवावर, हे सगळ्यांना माहीत होतं.

खरं तर शाह आलमला दिल्लीत आणलंच मराठ्यांनी. तो कित्येक वर्षं अलाहाबादला इंग्रजांच्या आसऱ्याला होता. ६ जानेवारी १७७२ ला मराठी फौजेच्या सोबतीनं तो आपल्या राजधानीत शिरला. पुन्हा थंडी, बघा. १७८४ च्या अखेरीस त्यानं वकील-ए-मुतलक हे पद दिलं. मुख्त्यारी पेशव्यांच्या नावानं, काम महादजींचं. बादशहाच्या नावानं कारभार चालवायचा अधिकार. वाचायला फार भारी वाटतं. प्रत्यक्षात तिजोरी रिकामी, शिपायांचे पगार थकलेले, आणि रजपूत राजे वसूल द्यायला तयार नाहीत. महादजींची त्या वर्षांतली पत्रं पैशाच्या काळजीनं भरलेली आहेत.

आता जरा उत्तरेला. मुखर्जीनगरमध्ये क्लाससाठी राहणारी आपली किती पोरं आहेत! त्यांच्या खोल्यांपासून थोडं वर गेलं की बुराडी लागतं. आज तिथं गल्ल्या, ई-रिक्षा आणि एकमेकांवर चढलेली घरं आहेत. १० जानेवारी १७६० ला तिथं यमुनेचा बुराडी घाट होता. थंडीत नदीचं पाणी उतरलेलं, पात्रात बेटं, बेटांवर माणूसभर उंच गवत आणि झाऊची झुडपं. त्या गवताच्या आडून नजीबखान आणि अब्दालीची माणसं आली आणि दत्ताजी शिंदे तिथं पडले. त्यांचं शेवटचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य तुम्ही शाळेत ऐकलंच आहे. माझं लक्ष मात्र पाण्याकडं जातं. जी उतरलेली नदी आपल्याला पलीकडे न्यायची, तीच त्या दिवशी शत्रूला अलीकडे घेऊन आली.

वर्षभरानं, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत. दिल्लीहून नव्वदेक किलोमीटर. त्यावर वेगळे एपिसोड झालेत, तेव्हा इथं एवढंच सांगतो : त्या दिवशी मकरसंक्रांत होती असं सर्रास म्हणतात, पण ते बरोबर बसत नाही. संक्रांतीची तारीख हळूहळू पुढं सरकते. स्वामी विवेकानंद १२ जानेवारी १८६३ ला जन्मले तेव्हा त्या दिवशी संक्रांत होती. त्याच्या शंभर वर्षं आधी ती आणखी अलीकडे यायची. मग पानिपताच्या दिवशी संक्रांत होऊन गेलेली असणार. पुढच्या संक्रांतीला फॉरवर्ड आला की हे सांगा आणि भांडण ओढवून घ्या.

आता त्या १८०३ च्या सालाकडं येऊ.

वेलस्लीला आपलं वेळापत्रक पक्कं कळलं होतं. त्याचं म्हणणं असं की मराठ्यांशी लढायचं तर पावसाळ्यातच लढावं. नद्या भरलेल्या असतात, त्यांच्या घोडदळाला हिंडता येत नाही, आपण मात्र होड्या तयार ठेवायच्या. ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, त्यानं अहमदनगरचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबरला असईची लढाई. आणि त्याच सुमारास उत्तरेत जनरल लेक. ४ सप्टेंबरला अलिगड पडलं. शिंद्यांच्या कवायती फौजेचा फ्रेंच सेनापती पेराँ, त्यानं तर नोकरी सोडून इंग्रजांचा आसरा घेतला. ११ सप्टेंबरला यमुनेच्या पूर्वेला, पटपडगंजजवळ, उरलेल्या फौजेनं बूर्कॅं नावाच्या दुसऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याखाली लढाई दिली आणि ती हरली. पटपडगंजला आज फ्लॅटच्या सोसायट्या आहेत. त्या लढाईचा दगडी खांब नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आवारात उभा आहे.

म्हणजे दसऱ्याचं सोनं लुटायच्या आत दिल्ली गेलेली होती. सीमोल्लंघन करायला सीमाच उरली नाही. होळकर बाजूला उभे राहून बघत होते, ते वेगळंच.

१६ सप्टेंबरला लेक लाल किल्ल्यात गेला. फाटक्या छत्राखाली म्हातारा, आंधळा शाह आलम बसला होता. बत्तीस वर्षांपूर्वी त्याला इंग्रजांच्या आसऱ्यातून काढून इथं आणला होता. तो परत इंग्रजांच्याच आसऱ्याला गेला.

मग अंजनगाव कुठून आलं? तर दक्षिणेतली लढाई संपता संपता आपल्या दारात आली होती. २९ नोव्हेंबरला अडगाव, आज अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात. तिथून भोसल्यांची माणसं गाविलगडावर गेली. कर्नल स्टीव्हन्सननं मेळघाटच्या डोंगरांतून रस्ता करत करत जड तोफा किल्ल्याच्या उत्तरेला ओढून नेल्या. चिखलदऱ्याला गेलात की तो डोंगर एकदा नीट बघा, म्हणजे हे काय काम असेल ते कळतं. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी देवगावला नागपूरकर भोसल्यांनी तह केला. कटक गेलं, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख म्हणजे बहुतेक सगळं वऱ्हाड सुटलं, ते निजामाकडं गेलं. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांकडे राहिले.

आता शिंदे एकटे उरले. त्यांच्या बाजूनं बोलायला जे वकील आले त्यांत विठ्ठलपंत नावाचे वयस्कर मुत्सद्दी होते. चेहऱ्यावरची रेषही न हलवता बोलायचे. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांचं नाव 'म्हातारा ब्रॅग' ठेवलं होतं. ब्रॅग म्हणजे पत्त्यांचा खेळ, आपल्या तीन पत्तीचा जवळचा नातेवाईक. हातात काय पान आहे ते या माणसाच्या तोंडावरून कळायचंच नाही. पुढे कुणीतरी वेलस्लीला विचारलं, तो फ्रान्सचा तॅलेराँ कसा वाटला हो? तर तो म्हणाला म्हणे, आपल्या त्या म्हाताऱ्यासारखाच, पण तेवढा हुशार नाही. तॅलेराँ म्हणजे अख्ख्या युरोपला वाटाघाटीत फिरवणारा माणूस!

हातात पान नसताना विठ्ठलपंतांनी काय मिळवलं? असीरगड आणि बऱ्हाणपूर परत मिळवलं. भडोच, अहमदनगर गेलं. दिल्ली तर लढाईत गेलेलीच होती. अंजनगावात तिच्यावर सही झाली. हा फरक लक्षात ठेवा. आपल्या गावाच्या नावाला 'इथं दिल्ली घालवली' असा डाग लावणारे भेटतील. त्यांना पटपडगंज सांगा.

दिल्लीच्या फेरीत अर्धा दिवस हातात राहिला तर मेहरौलीला जा, कुतुबमिनारच्या पलीकडे. बख्तियार काकींच्या दर्ग्याला लागून शाह आलमची कबर आहे. १८०६ च्या नोव्हेंबरमध्ये तो वारला, इंग्रजांच्या पेन्शनवर. गर्दी नसते तिथं.

परतीच्या गाडीला धुक्यामुळं उशीर होणार, हे धरूनच चला. जानेवारीत पाच-सहा तास काहीच नाही. खायला सोबत घ्या, पॉवर बँक चार्ज ठेवा. रात्री-पहाटे कधीतरी ग्वाल्हेर येईल. जागे असाल तर खिडकीतून बघा. स्टेशनच्या त्या बाजूच्या शहराला लोक लष्कर म्हणतात. अंजनगावच्या तहानंतर सात वर्षांनी, १८१० मध्ये, दौलतरावांनी तिथं तळ टाकला. तळ उठलाच नाही, त्याचं गाव झालं.