विवाहनोंदी, महाराष्ट्रातील

विवाहनोंदी : विवाह कोणाचा, कोणाशी, कोठे व केव्हा झाला, याची अधिकृत वहीत केलेली लेखी नोंद. कौटुंबिक व सामाजिक इतिहासाचे हे मोलाचे साधन आहे. तथापि सर्व समाजांना ते सारखे लाभलेले नाही. इंग्लंडमध्ये टॉमस क्रॉमवेल याच्या १५३८ च्या आदेशाने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवण्यास प्रारंभ झाला. १७५३ च्या कायद्याने विवाहांची ठराविक नमुन्यातील नोंद आणि तीवर वधूवरांच्या व साक्षीदारांच्या सह्या वा निशाण्या आवश्यक ठरल्या. त्यामुळे तेथील समुद्रकाठच्या एखाद्या खेड्यातील निरक्षर मच्छीमाराचे लग्न आणि त्याच्या पत्नीचे माहेरचे नाव आजही वाचावयास मिळते.

महाराष्ट्रात या स्वरूपाचे दप्तर मुख्यतः ख्रिस्ती समाजात आढळते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये वधूवर, साक्षीदार, दिवस व स्थळ यांची नोंद ठेवणे हे धर्मगुरूचे कर्तव्य ठरविले व ती पद्धत पोर्तुगीज अंमलाबरोबर गोमंतकात आणि वसईच्या किनाऱ्यावर आली. मुसलमानांत निकाहनामा व काझीचे दप्तर होते. पारशांच्या विवाहांना १८६५ च्या कायद्याने नोंदणीची चौकट मिळाली. हिंदूंमध्ये मात्र विवाह हा संस्कार असल्याने त्याचा पुरावा म्हणजे अग्नी, सप्तपदी आणि जमलेले लोक. मराठी अंमलात सरकारने या प्रसंगाची दखल घेतली ती कराच्या निमित्ताने. लग्नटका हा लग्नावरील आणि पाटदाम हा विधवेच्या पुनर्विवाहावरील कर होता. म्हणजे विवाह कागदावर आला तो विवाह म्हणून नव्हे, तर जमेची बाब म्हणून.

याखेरीज तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आहेत. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे आलेल्या यजमानांच्या पिढ्या त्यांत गाव व कूळ यांनुसार लिहिलेल्या असून पुरुषांबरोबर त्यांच्या स्त्रियांची नावेही येतात. विवाहाची तिथी सहसा नसते; परंतु कोण कोणाची पत्नी, हे कळते. यात्रेस येऊ शकणाऱ्या कुटुंबांपुरतेच हे साधन उपयोगी आहे, हे उघड आहे.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातच, गुजरातच्या सीमेजवळ हरसूल आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी इत्यादी आदिवासींच्या या डोंगरी भागात विवाहाचा लेख वेगळ्या प्रकारचा होता. वारल्यांमध्ये लग्न लावते ती धवलेरी. तिची गीते हाच विधीचा पाठ. सवाष्णी भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात व त्यात पालघट देवीची आकृती काढतात. ‘चौक लिहिणे’ हा शब्दप्रयोग लक्षात घेण्याजोगा आहे. मात्र पुढच्या सारवणात हा लेख नाहीसा होई आणि उरे ती गावाची स्मृती. खर्च व देज यांची सोय होत नसल्यास जोडप्याने आधी संसार थाटावा आणि विधी सवडीने, क्वचित मुले झाल्यावरही करावा, अशी रीत येथील समाजांत होती. अशा विवाहाची एकच तारीख सांगणे कठीण असते.

ज्याची नोंद चोख होती, ते लग्नाचे कर्ज. ठाणे जिल्ह्याच्या डहाणू-उंबरगाव भागात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वारली पुरुष सावकार-जमीनदाराकडे राबत असे. पत्नीलाही त्यातून सुटका नसे. अशांना ‘लग्नगडी’ म्हणत. डी. सिमिंग्टन यांच्या १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने मुंबई प्रांताच्या अंशतः वगळलेल्या क्षेत्रांतील आदिवासींच्या पिळवणुकीकडे लक्ष वेधले. नाशिक जिल्ह्यातील पेठ व कळवण हे भाग त्या क्षेत्रांत मोडत होते. १९४५ पासून किसान सभेने शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या लढ्याने लग्नगड्याची प्रथा मोडून काढली.

मुंबई राज्याने १९५३ च्या अधिनियमाने विवाहनोंदणीची तरतूद केली. १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम अनुसूचित जमातींना, केंद्र शासनाने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू होत नाही. त्यांचे विवाह रूढीनुसार वैध ठरतात, पण वाद उद्‌भवल्यास ती रूढी सिद्ध करावी लागते. महाराष्ट्राच्या १९९८ च्या अधिनियमानुसार खेड्यांतील नोंदणीचे काम ग्रामसेवकाकडे आले. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. तत्पूर्वी खेड्यांच्या दप्तरांत जन्म व मृत्यू नोंदले जात. त्यांमधील विवाह ही घटना मात्र बहुधा कोरी राही.

या कोऱ्या जागेची झळ विशेषतः स्त्रियांना पोचते. विधवेचे निवृत्तिवेतन किंवा वारसाहक्क मागताना पतीचे नाव कागदावर दाखवावे लागते. २००६ च्या वनहक्क अधिनियमानुसार विवाहित दावेदाराच्या जमिनीचा हक्क पतिपत्नींच्या संयुक्त नावे नोंदविला जातो. म्हणजे कोणाची पत्नी कोण, हा प्रश्न डोंगरातील प्लॉटधारकांपुढेही येतो. त्याच अधिनियमाखालील नियमांत वनजमिनीच्या कब्जाबाबत गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले कथन पुरावा म्हणून ग्राह्य धरले आहे. विवाहाच्या बाबतीत तेच वडीलधारे अनेकदा एकमेव साक्षीदार असतात आणि त्यांची पिढी आता थकत चालली आहे.