आधी पारख, मग कुऱ्हाड

अंगणातले झाड घराकडे कलले की आपण पहिल्यांदा विचारतो, "तोडायचे किती घेणार?" पण तोडायचेच का, हा प्रश्न त्याच्या आधीचा. रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून ओळखले जाणारे 'आज्ञापत्र' (सुमारे १७१५) तोच विचारते. आरमाराला लाकूड हवे, हे त्यात मान्य आहे; तरी आंबा-फणसाला हात लावू नये, असे बजावले आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालेच, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावे.

पुढे १९७५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने शहरांत खाजगी झाड तोडायलाही परवानगी आवश्यक केली. २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षे व त्याहून जुनी झाडे 'वारसा वृक्ष' ठरली.

म्हणून माणूस निवडताना एवढे पाहावे: तो आधी झाडाभोवती फिरून बुंधा, पोकळी बघतो का? परवानगीचा कागद मागतो का? आल्या आल्या करवत सुरू करणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे. "एक फांदी काढली तरी भागेल," असे सांगून स्वतःची मजुरी कमी करून घेणारा भेटला, तर त्याचा नंबर जपून ठेवावा.