धातुयुक्त रेणूंचे पृष्ठभागावरील प्रतिमांकन

थॅलोसायनीन, पॉर्फिरीन यांसारखी धातूंची जटिल संयुगे सोने, चांदी किंवा तांब्याच्या सपाट पृष्ठभागावर बसवून एकेका रेणूची प्रतिमा घेण्याचे तंत्र. मुख्य साधन स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक अर्थात एसटीएम. गेर्ड बिनिग व हाइनरिख रोहरर यांनी तो 1981 मध्ये आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेत सिद्ध केला. 1986 च्या नोबेल पारितोषिकात दोघांचा वाटा होता. त्याच्या सुईचे टोक व पृष्ठभाग यांमधून सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतो. दोहोंतले अंतर एका अँगस्ट्रॉमने वाढले की हा प्रवाह सुमारे दहापट घटतो; उपकरणाची सूक्ष्मता यातूनच येते. म्हणून ही प्रतिमा रेणूचे छायाचित्र मानू नये. ती प्रवाहाची नोंद आहे, आणि रेणूंनाच विद्युत्घटक म्हणून वापरू पाहणाऱ्या रेणवीय इलेक्ट्रॉनिकीला तिचे मोल आहे ते त्याचमुळे.

तांबे-थॅलोसायनीनची पाकळीदार प्रतिमा 1989 मध्येच मिळाली होती. निर्णायक पुरावा मात्र 1996 चा. के. डब्ल्यू. हिप्स व सहकाऱ्यांनी सोन्यावर कोबाल्ट आणि तांबे यांची थॅलोसायनिने तपासली. घडण जवळजवळ सारखी, तरी कोबाल्टचे केंद्र उजळ दिसले, तांब्याचे काळोखे. उंचीने हा फरक उलगडत नाही. पृष्ठभागाला लंब असलेला डी-कक्षक कोबाल्टमध्ये अर्धा भरलेला असतो व प्रवाहाला वाट देतो. तांब्यात तो पूर्ण भरून ऊर्जेने खाली गेलेला असतो. बी.एस्सी.ला फळ्यावर मांडली जाणारी डी-कक्षकांची भरणी इथे थेट पडद्यावर उमटते.

यावर आक्षेप असा की धातूचा पृष्ठभागच रेणूचा स्वभाव बदलतो, मग प्रतिमा नेमकी कोणाची? आक्षेप रास्त आहे. सोन्यावर कोबाल्ट-थॅलोसायनीनचे चुंबकत्व मावळते. 2005 मध्ये चिनी संशोधकांनी टोकातून विद्युत्स्पंद देऊन रेणूच्या कडेचे आठ हायड्रोजन अणू तोडले, तेव्हा चुंबकत्वाची खूण पुन्हा मिळाली. पण रेणवीय इलेक्ट्रॉनिकीच्या उपकरणातही रेणूला धातूच्या अग्रांशी जोडूनच घ्यावे लागते. एकटा, अलिप्त रेणू तिथे कामाचा नाही. दुसरा आक्षेप असा की रेणूची घडण अणुबल सूक्ष्मदर्शक अधिक स्पष्ट दाखवतो: त्याच्या टोकावर कार्बन मोनॉक्साइडचा रेणू लावून 2009 मध्ये पेंटासीनचा सांगाडा बंधांसह दिसला. सांगाडा त्याने पाहावा. प्रवाह कुठून जातो हे एसटीएमलाच विचारावे लागते.

महाराष्ट्रात : आयआयटी मुंबईत व्ही. रामगोपाल राव, एम. रविकांत व सहकाऱ्यांनी जस्त-पॉर्फिरीनचा एकरेणवीय थर चिपमधील तांब्याचा शिरकाव रोखण्यासाठी वापरला. तिथे रेणू वाट म्हणून नव्हे, अडसर म्हणून उपयोगी पडला.