अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट : जोडीदाराच्या इमिग्रंट व्हिसासाठी स्पॉन्सरच्या उत्पन्नाचा पुरावा

अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आपल्या नवऱ्याला अथवा बायकोला तिथे कायम राहायला बोलावतो, तेव्हा त्या जोडीदाराच्या निर्वाहाची हमी देणारा जो करार त्याला सरकारला लिहून द्यावा लागतो तो म्हणजे अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट. त्याचा फॉर्म आय-८६४ या क्रमांकाने ओळखला जातो. बोलावणाऱ्याला स्पॉन्सर म्हणतात. भारतातल्या बहुतेक इमिग्रंट व्हिसांच्या मुलाखती आज मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये होतात. एके काळी दक्षिणेकडच्या अर्जदारांच्या मुलाखती चेन्नईत, अण्णा सलाईवर जेमिनी फ्लायओव्हरजवळच्या कॉन्सुलेटमध्येही होत. मुलाखतीचे शहर बदलले तरी कागद गोळा करण्याचे काम चेन्नईकर कुटुंब चेन्नईतच करते. या कामात होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे : या फॉर्मला श्रीमंतीचा दाखला समजणे. तो दाखला नसून वचन आहे, आणि सोबतचे कागद ते वचन उद्या, अमेरिकेत पाळले जाईल का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी असतात.

हे वचन कायद्यात कसे आले ते पाहिले की कागदांच्या अटी मनमानी वाटत नाहीत. सरकारवर भार होण्याची शक्यता असलेल्या माणसाला प्रवेश नाकारण्याची तरतूद अमेरिकेत १८८२ पासून आहे. तिच्यापोटी नातेवाइकांकडून हमीपत्रे घेतली जात. पण अशी हमी नैतिक स्वरूपाची आहे, तिच्या जोरावर पैसे वसूल करता येत नाहीत, असे न्यायालयांनी ठरवले होते. १९९६ च्या इमिग्रेशन कायद्याने ही फट बुजवली आणि १९ डिसेंबर १९९७ पासून न्यायालयात बजावता येईल असा आय-८६४ लागू झाला. त्यानुसार स्पॉन्सरने आलेल्या व्यक्तीला सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांइतक्या पातळीवर ठेवायचे असते. सैन्यात सक्रिय सेवेत असलेल्याने जोडीदाराला बोलावले तर १०० टक्के पुरतात. ही रेषा अमेरिकेचे आरोग्य खाते दरवर्षी जाहीर करते. २०२५ मध्ये दोन माणसांच्या कुटुंबासाठी ती २१,१५० डॉलर होती, म्हणजे अट साधारण २६,४३७ डॉलरांची. ‘कुटुंब’ मोजताना स्पॉन्सर, येणारा जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले तर धरायचीच, शिवाय आधी कुणासाठी असेच वचन दिले असेल आणि ते अजून संपले नसेल तर तोही माणूस धरायचा. अमेरिकेत पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला हा आकडा फार मोठा नाही. म्हणूनच अडचण बहुधा आकड्यात नसते, तो कोणत्या कागदावर उभा आहे यात असते.

चेन्नईत हे सर्वांत स्पष्ट दिसते ते स्पॉन्सर स्वतःच तिथे राहत असेल तेव्हा. अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन परतलेला, ओल्ड महाबलीपुरम रोडवरच्या एखाद्या आयटी कंपनीत काम करणारा माणूस घ्या. पगार वर्षाला तीस लाख. डॉलरमध्ये मोजला तर दोघांसाठीच्या अटीपेक्षा वर. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, बँकेचे स्टेटमेंट, सगळे नीट आहे. तरीही हा पगार त्याला आपोआप उपयोगी पडत नाही, कारण कुटुंब अमेरिकेला गेले की ही नोकरी सुटणार. तीच कंपनी त्याला अमेरिकेतल्या कार्यालयात पाठवणार असेल किंवा तिथून काम करू देणार असेल, तर तसे पत्र हवे. शिवाय स्पॉन्सरचे वास्तव्य अमेरिकेत असणे किंवा बायको तिथे पोचेपर्यंत ते पुन्हा प्रस्थापित होणे ही स्वतंत्र अट आहे : भाड्याच्या घराचा करार, नोकरीचे नियुक्तिपत्र, मुलांचा शाळाप्रवेश यांसारखे पुरावे तिच्यासाठी लागतात.

याच माणसाच्या फायलीत आणखी एक अडचण लपलेली असते. अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही राहत असला तरी उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर त्याला अमेरिकेत कर-विवरणपत्र भरावेच लागते. भारतात कर कापला जातो, मग तिकडे कशाला, अशी समजूत सर्रास आढळते, आणि व्हिसाच्या वेळी आधीची थकलेली विवरणपत्रे भरण्याची धावपळ होते. ज्याने ती वेळेवर भरलेली असतात त्यानेही बहुधा फॉर्म २५५५ वापरून परदेशी पगाराची वजावट घेतलेली असते. ही वजावट कायदेशीर आहे, पण तिच्यामुळे फॉर्म १०४० वर ‘एकूण उत्पन्न’ या ओळीत शून्य किंवा शून्याच्या जवळचा आकडा उमटतो, आणि आय-८६४ मध्ये त्याच ओळीचा आकडा मागितलेला असतो. खरे कमावणारा माणूस कागदावर बिनकमाईचा दिसतो. यात लपवाछपवी काही नाही. वजावटीचा फॉर्म जोडून चार ओळींचे स्पष्टीकरण द्यावे, हे इथले शहाणपण.

यावर कोणी म्हणेल की विवरणपत्रावर एवढा भर असेल तर चालू पगाराचे काय? नियमाचा कल उलट आहे. ताज्या वर्षाचे विवरणपत्र किंवा अमेरिकेच्या कर खात्याचा अधिकृत उतारा सक्तीचा असला, तरी तोलले जाते ते चालू वर्षाचे उत्पन्न. मागच्या वर्षी विद्यार्थी असलेल्या आणि आता नोकरीला लागलेल्या स्पॉन्सरचे विवरणपत्र दुबळे असले तरी कंपनीचे पत्र आणि अलीकडच्या सहा महिन्यांच्या स्लिपा बाजू सावरतात. उलट मागच्या वर्षी लाखभर डॉलर कमावून आज बेकार असलेल्याला जुने विवरणपत्र तारत नाही. फक्त कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. पत्रातला वार्षिक पगार, स्लिपेवरची चालू वर्षाची बेरीज आणि फॉर्मवर लिहिलेला आकडा यांत तफावत राहिली, तर अधिकारी कलम २२१(जी) खाली अर्ज थांबवून आणखी पुरावा मागू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा असतो : मुलीच्या नावावर अड्यारला फ्लॅट आहे, वडिलांच्या ठेवी आहेत, हे सगळे मोजायचे नाही का? काही मोजता येते. उत्पन्न कमी पडले तर तुटीच्या पाचपट मालमत्ता दाखवावी लागते. अमेरिकन नागरिकाच्या जोडीदारासाठी तिप्पट पुरते. उत्पन्न शून्य धरले तर २०२५ च्या आकड्यांनी दोघांसाठी सुमारे ७९,३११ डॉलर. येणाऱ्या जोडीदाराची स्वतःची मालमत्ताही यात धरता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. पण ती वर्षभरात रोख करता आली पाहिजे, मालकाचे फार नुकसान न होता. तेव्हा खरेदीखत, पट्टा, बोजा नसल्याचे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट आणि मूल्यांकन अहवाल हे एकत्र द्यावे, गृहकर्ज वजा करावे, दोघांच्या नावावर असेल तर आपलाच हिस्सा धरावा. नोंदणी खात्याची गाइडलाइन व्हॅल्यू बाजारभावापेक्षा वेगळी असते, म्हणून किंमत कशावरून काढली ते लिहावे. पैसा तिकडे नेता येतो हेही दाखवता येते : भारतात राहणाऱ्याला लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. भावंडांत वाटणी न झालेली वडिलोपार्जित जमीन मात्र कितीही मोलाची असली तरी इथे जवळजवळ निरुपयोगी. चार्टर्ड अकाउंटंटच्या नेटवर्थ सर्टिफिकेटचा उपयोग अनुक्रमणिकेइतकाच. मागे मूळ कागद नसतील तर त्याला फारसे वजन नाही. भारतीय नागरिक असलेले, चेन्नईत राहणारे वडील जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे मूळ स्पॉन्सरचे उत्पन्न कमी पडल्यास त्याच्यासोबत वेगळी हमी देणारा, हेही होऊ शकत नाहीत. त्यासाठी अमेरिकेत वास्तव्य असलेला, अठरा वर्षांवरचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच लागतो, आणि त्याचे उत्पन्न एकट्याच्या बळावर अटीत बसावे लागते.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे : नवरा-बायकोने एकत्र राहण्याला पगाराची किंमत का लावावी? हा आक्षेप हलका नाही. कमी पगारावर राबणाऱ्या नागरिकाचा संसार त्यामुळे लांबणीवर पडतो, हे खरेच आहे. तरी तुलना करावी. ब्रिटनने जोडीदाराच्या व्हिसासाठी २०१२ मध्ये वर्षाला १८,६०० पौंडांची अट घातली आणि ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड केली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये अट तत्त्वतः वैध ठरवली, पण मुलांच्या हिताचा आणि पैशाच्या इतर स्रोतांचा विचार अपुरा आहे असे खडसावले. तिथे मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या मदतीचा आधार अपवादानेच मिळतो. अमेरिकेची रेषा गरिबीशी बांधलेली आहे, जॉइंट स्पॉन्सरचा दरवाजा सर्वांना उघडा आहे, आणि म्हणून ती अधिक माणुसकीची आहे. प्रस्तुत लेखकाला ती निर्दोष वाटत नाही, पण तिच्यात सुटकेच्या वाटा आहेत आणि त्या वापरल्या जाव्यात.

या वचनाची खरी ताकद मात्र लग्न मोडल्यावर कळते. स्पॉन्सरची जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही. आलेली व्यक्ती नागरिक झाली, तिच्या खात्यावर कामाच्या चाळीस तिमाही जमा झाल्या, तिने रहिवास सोडून देश सोडला, किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला, अशा मोजक्याच प्रसंगी ती संपते. लिउ विरुद्ध मंड या खटल्यात २०१२ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ठरवले की घटस्फोटित पत्नीने नोकरी शोधली नाही म्हणून स्पॉन्सरची देणी कमी होत नाहीत. एर्लर विरुद्ध एर्लर यात २०१६ मध्ये नवव्या सर्किटने सांगितले की विवाहपूर्व करारानेही ती सुटत नाहीत. चेन्नईहून जाणाऱ्या बायकोच्या दृष्टीने या फायलीतला सर्वांत मौल्यवान कागद नवऱ्याच्या सहीचा हा फॉर्मच असतो. तो बहुधा नवरा किंवा त्याचा वकील ऑनलाइन चढवतो आणि तिच्या हाती पडतच नाही. मुलाखतीआधी त्याची पूर्ण प्रत आणि सोबतचे विवरणपत्र तिने मागून घ्यावे, आणि एक प्रत माहेरी ठेवावी.