सापडले तेवढेच मोजले

अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरच्या शिकारीच्या इतिहासात एक आकडा नेहमी सांगितला जातो. तो आहे 961. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रज शिकाऱ्याने 1809 ते 1829 या काळात नगर भागात मारलेल्या माळढोक पक्ष्यांची ही संख्या. वर्षाला सरासरी 48 पक्षी, म्हणजे जवळजवळ आठवड्याला एक. दख्खनच्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी करणाऱ्या कर्नल साइक्सनेही इकडच्या एका गृहस्थाने हजारभर माळढोक मारल्याचे लिहून ठेवले आहे.

या आकड्याने आपण हळहळतो, आणि ते योग्यच आहे. पण आज मला बोलायचे आहे ते या आकड्यात नसलेल्या पक्ष्यांबद्दल. शिकाऱ्याच्या वहीत चढतो तो हाती लागलेला पक्षी. ज्याला गोळी किंवा छर्रा लागला, पण जो सापडलाच नाही, त्याची नोंद कुठे होत होती?

माळढोक हा उभा राहिला तर मीटरभर उंच, नराचे वजन दहा-बारा किलोंच्या पुढे जाणारे. पायी येणारा माणूस दिसला की तो दुरूनच सावध होतो. बैलगाडीला मात्र तितका बुजत नाही. शिकाऱ्यांनी हे ओळखले होते. गाडीच्या आडोशाने, गाडी पक्ष्याभोवती हळूहळू फिरवत ते जवळ जात आणि बार टाकत. हत्यार ठासणीचे, एकदा बार निघाला की पुन्हा भरायला वेळ लागे. मर्मी लागलेला पक्षी जागीच पडे. ज्याच्या मांडीत किंवा पोटात छर्रे शिरले, तो मात्र जमिनीलगत उडत दिसेनासा होई. पुढे कुठेतरी उतरून तो गवतात दबून बसला, की पिंगट पाठीमुळे दहा पावलांवरूनही दिसणे कठीण. त्याला पुढे कोल्ह्या-लांडग्यांनीच शोधायचे. कर्जत-श्रीगोंद्याचा उघडा माळ पाहिला तर इथे काही लपू शकेल असे वाटत नाही. पण जखमी पक्ष्याला लपायला वीतभर गवत पुरते.

बंदुकीची ही कथा, तर बाणाची काय असेल? याचे उत्तर अमेरिकेतल्या धनुर्धाऱ्यांकडून मिळते. तिथला रानटी टर्की हाही मोठा, जमिनीवर वावरणारा पक्षी, आणि त्याची धनुष्यबाणाने शिकार आजही कायदेशीर आहे. तिथले जाणते शिकारी नवख्याला नेमाबरोबरच नंतरचा शोधही शिकवतात. बाण लागला तरी टर्की पळतो किंवा उडतो, आणि रक्ताचा माग फारसा राहत नाही, कारण रक्त पिसांतच मुरते. म्हणून पक्षी शेवटचा कुठे दिसला ती खूण डोळ्यांत धरायची, पडलेली पिसे पाहायची, बाण सापडला तर त्यावर काय लागले आहे ते पाहायचे, आणि मग झुडपांचे बुंधे, ओघळी, पडलेली झाडे एकेक करून धुंडाळायची. स्थलांतरित पक्ष्यांच्या बाबतीत तर तिथला कायदाच सांगतो की जखमी पक्षी मिळवण्यासाठी शिकाऱ्याने वाजवी प्रयत्न केलाच पाहिजे. जखम केली, तर तिचा शेवट करण्याची जबाबदारीही त्याचीच.

आपल्याकडे ही जाण नव्हती असे नाही. फरक एवढाच की ती लिहिलेली नव्हती, हत्यारातच होती. भिल्लांचे धनुष्य बांबूचे आणि त्याची दोरीही बांबूच्या कामटीची. लहान पक्ष्यांसाठी अनेक आदिवासी समाजांत लोखंडी पात्याऐवजी बोथट, लाकडी टोकाचा बाण वापरत. तो शरीरात रुतत नाही, तडाखा देतो, आणि पक्षी भोवळून तिथेच पडतो. फासेपारध्याचे साधन तर त्याच्या नावातच आहे. फासात पक्षी एक तर अडकतो, नाही तर सुटतो. अडकला तर जिवंत हाती येतो. ज्याला आज रात्री घरी शिजवायचे किंवा उद्या बाजारात विकायचे आहे, त्याला हरवलेला पक्षी परवडत नाही. छंदासाठी मारणाऱ्याला परवडतो, दुसऱ्या दिवशी तो दुसरा मारतो.

आणि इतिहासाने या दोघांना काय दिले तेही पाहा. बंदूकवाल्याची संख्या ग्रंथात गेली. पारध्यांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला, आणि तो कायदा रद्द झाला 1952 साली. फासेही निष्पाप नव्हते हे मान्य करू. माळावरचे तितर-लावे त्यांनीही कमी केले. पण माळढोक संपवल्याचे खापर फोडायचे तर आधी ती 961 ची वही उघडावी लागेल. ही मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते. अशा पक्ष्याला आठवड्याला एक हा हिशेब पेलणारा नव्हता, आणि न मोजलेले जखमी पक्षी धरले तर मुळीच नव्हता.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा माळढोक पहिल्या परिशिष्टात, म्हणजे पूर्ण संरक्षणात गेला. बाकीच्या काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने तेव्हा अजून मिळत. पण त्या परवानेधारकावर कायद्याने एक बंधन घातले होते, त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ठरावीक मुदतीत लेखी कळवायचे होते ते फक्त मारलेल्या आणि पकडलेल्या प्राण्यांचे नव्हे, तर जखमी केलेल्यांचेही. मॅन्सफील्डच्या आकड्यात जो रकाना नव्हता, तो दीडशे वर्षांनी कागदावर आला. पुढे 1991 च्या दुरुस्तीने हे परवानेच बंद झाले आणि ते कलमही गेले.

1979 साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा सोलापूरबरोबर आपल्या कर्जत, श्रीगोंदा, नेवासे तालुक्यांचा भागही त्यात होता. आज सबंध देशात माळढोक दीडशेच्याही आत उरले आहेत, बहुतेक राजस्थानात. आता त्यांना बंदुकीपेक्षा विजेच्या तारांचा धोका मोठा आहे. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. तारेखाली मरून पडलेला माळढोक कधीतरी सापडतो. धडकून जखमी अवस्थेत दूर जाऊन पडलेला आजही मोजणीत येत नाही.

सिद्धार्थ आणि देवदत्ताच्या हंसाची गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. पक्षी मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा, हा त्यातला प्रश्न. आजचा कायदा म्हणतो, तो घरी ठेवण्याचा हक्क दोघांनाही नाही. तेव्हा शेतात, बांधाला, तारेखाली एखादा जखमी पक्षी दिसला, मग तो माळढोक असो की साधा तितर, तर त्याच्यावर सावली धरा, गर्दी करू नका, आणि वन विभागाला 1926 या क्रमांकावर कळवा. कुठे दिसला आणि कधी दिसला, तेवढे मात्र लिहून ठेवा.