कुजबूज आणि स्फोट : चित्रपटातील आवाजाच्या पल्ल्याचा इतिहास

१/८
रात्री घरी चित्रपट पाहताना संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा आणि पुढच्याच क्षणी पडद्यावरील स्फोटाने अख्खे घर जागे व्हावे, हा अनुभव बहुतेकांचा आहे. दोष टीव्हीला दिला जातो. वस्तुतः या गैरसोयीमागे सिनेमाच्या इतिहासातील एक दीर्घ आणि यशस्वी प्रयत्न आहे.

२/८
सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतराला ‘डायनॅमिक रेंज’, म्हणजेच ध्वनीचा पल्ला, म्हणतात. १९३० च्या दशकात बोलपटाचा ध्वनी फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या साहाय्याने उमटवला जाई. हळू आवाज फिल्मच्या खरखरीत बुडे, मोठा आवाज त्या अरुंद पट्टीत मावत नसे व फाटे. त्यामुळे पल्ला आखूड ठेवणे भागच होते.

३/८
ही कोंडी फोडण्याचा एक धाडसी प्रयत्न नोव्हेंबर १९४० मध्ये न्यूयॉर्कला झाला. डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी आरसीएच्या सहकार्याने ‘फँटासाउंड’ ही यंत्रणा उभारली गेली. तीन ध्वनिपट्ट्यांसोबत चौथी पट्टी होती, ती केवळ आज्ञांची. कोणत्या क्षणी आवाज किती चढवायचा वा उतरवायचा, हे ती चित्रपटगृहातील यंत्रांना सांगे. यंत्रणा महागडी आणि अवजड होती. मोजक्याच शहरांत ती पोहोचली आणि मागे पडली.

४/८
पुढे रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनला प्रयोगशाळा स्थापन केली. त्यांची युक्ती साधी होती : मुद्रण करताना हळू आवाज उचलून धरायचा, ऐकवताना तितकाच खाली आणायचा, त्याबरोबर खरखरही खाली जाते. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने डॉल्बी स्टिरिओचे सामर्थ्य जगाला ऐकवले.

५/८
१९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’सोबत डॉल्बी डिजिटल पडद्यावर आले. आता चित्रपटगृहात मुख्य वाहिनीच्या आवाजाची शिखरे १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकत होती. शांत, बंदिस्त सभागृहात हा विजयच होता.

६/८
घर मात्र सभागृह नसते. पंखा फिरत असतो, रस्त्यावर वाहने असतात, शेजारच्या खोलीत कोणी झोपलेले असते. शिवाय मधल्या वाहिनीतील संवाद टीव्हीच्या दोन छोट्या स्पीकरांत संगीतासह मिसळले जातात. ज्या पल्ल्यासाठी अभियंते झगडले, तोच इथे अडचण ठरला.

७/८
डॉल्बी डिजिटलच्या रचनेत यावर उत्तर होते आणि १९९६ मध्ये जपानमध्ये अवतरलेल्या डीव्हीडीबरोबर ते घरोघरी पोहोचू लागले. ध्वनी पूर्ण पल्ल्याचाच पाठवायचा. सोबत संवादांची सरासरी पातळी आणि मोठा आवाज किती दाबावा, हळू किती उचलावा, यांच्या सूचना जोडायच्या. त्या किती पाळायच्या, हे घरातील यंत्रावर ठरवता येते. मेन्यूतील ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज कंट्रोल’ म्हणजे बहुधा हीच सोय.

८/८
फँटासाउंडची आज्ञापट्टी पल्ला रुंदावण्यासाठी होती. अर्धशतकानंतरच्या या सूचना तो आवरण्यासाठी आल्या. कल्पना एकच, हेतू उलटे. फरक आणखी एक आहे. तेव्हा अंतिम शब्द निर्मात्याचा होता. आता मूळ ध्वनीला धक्का न लावता तो श्रोत्याकडे सोपवला आहे. ‘नाइट मोड’मुळे दिग्दर्शकाच्या मनातील स्फोट लहान होतो, हे खरे, पण जो संवाद ऐकूच आला नाही, तोही त्याच दिग्दर्शकाचा असतो.