‘रात्रीचे पांढरे घर’ : एका चित्राच्या कालनिर्णयाचा विचार

चित्राचे रूढ नाव इतिहासाचे साधन म्हणून कितपत ग्राह्य धरावे, हा प्रश्न व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या ‘रात्रीचे पांढरे घर’ या चित्राच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरतो. हे चित्र १८९० च्या जून महिन्यात, पॅरिसजवळील ओव्हेर-सूर-वाझ या गावी रंगविले गेले. २० मे रोजी चित्रकार तेथे आला व २९ जुलै रोजी तेथेच निवर्तला. या सत्तर दिवसांतील कृतींचा क्रम लावणे अभ्यासकांस अगत्याचे वाटते, ते यामुळेच.

पहिले साधन म्हणजे बंधू थिओ यास १७ जूनच्या सुमारास लिहिलेले फ्रेंच पत्र. त्यात हिरवाईतील पांढरे घर, रात्रीच्या आकाशातील तारा आणि खिडकीतील नारिंगी उजेड यांचा उल्लेख आहे. हे वर्णन होय, शीर्षक नव्हे. रूढ नावाने मात्र त्यातील ‘रात्र’ तेवढी उचलली.

चित्र पाहता या शब्दाविषयी शंका येते. घराच्या भिंती उजळ आहेत, समोरच्या वाटेवरील स्त्रियांच्या आकृती स्पष्ट दिसतात आणि आकाश काळे नसून निळे आहे. तारा उगवला आहे, पण उजेड मावळलेला नाही. मराठीत या घटकेस ‘दिवेलागण’ असा नेमका शब्द आहे. फ्रेंचमध्येही सायंकाळवाचक स्वतंत्र शब्द असताना चित्रकाराने रात्रवाचक शब्द योजला. त्यावरून एवढेच म्हणता येते की त्याचे लक्ष घड्याळापेक्षा ताऱ्याकडे होते.

या शंकेचा निरास दीर्घकाळ कठीण होता. जर्मन उद्योगपती ओटो क्रेब्स यांच्या संग्रहातील हे चित्र दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियात नेण्यात आले आणि अभ्यासकांच्या दृष्टीने ते जणू नाहीसेच झाले. १९९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयाने ते प्रथमच प्रदर्शित केले.

त्यानंतर टेक्ससमधील खगोलज्ञ डोनल्ड ओल्सन व रसेल डोशर यांनी गावातील ते घर शोधून, तेथून दिसणाऱ्या १८९० च्या आकाशाचे गणित मांडले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की चित्रातील तारा हा शुक्र होय आणि प्रसंग १६ जूनच्या सायंकाळी सुमारे आठचा, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळेचा आहे.

या निष्कर्षाचे बळ कशात आहे, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. शुक्र त्या दिवसांत एकाच सायंकाळी नव्हे, तर अनेक सायंकाळी दिसत होता. तेव्हा केवळ ताऱ्यावरून तारीख सिद्ध होत नाही. पत्र कालाची अंतिम मर्यादा देते, घर दिशा देते आणि आकाश प्रहर देते. शिवाय चित्रकाराने तारा जेथे दिसला तेथेच काढला, हे गृहीत धरावे लागते. म्हणून सायंकाळ जवळजवळ निश्चित, तर १६ तारीख अत्यंत संभाव्य, असा भेद करणे युक्त होईल.

रूढ नाव बदलण्याचे यामुळे कारण नाही. परंतु नाव हे चित्राविषयीचे एक विधान आहे व त्याचीही साधनाप्रमाणेच चिकित्सा झाली पाहिजे, एवढे या उदाहरणावरून स्पष्ट होते.